तिसऱ्या हंगामाचा एकमेव पास

आमच्या संघाच्या तिसऱ्या हंगामाचा पास एकाच माणसानं काढला होता, आणि तो माणूस मला अजूनही नीट कळलेला नाही.

हे आज सांगायचं कारण असं, की गेल्या आठवड्यात आमच्या शाळेतले गणिताचे सर माझ्याकडे एक अडचण घेऊन आले. मी नांदेडला एका शाळेत खेळ शिकवते, त्यामुळे खेळातलं सगळं मला कळतं असा त्यांचा समज आहे. त्यांचा पुण्यात शिकणारा मुलगा कुठल्याशा संघाच्या नादी लागला होता. तो संघ सदानकदा हरतो आणि पोरगं त्याचा अख्ख्या हंगामाचा पास मागत होतं. सरांनी विचारलं, हरणाऱ्या संघाचा पास काढण्यात काही अर्थ असतो का? मी लगेच नाही म्हणाले. मग हो म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, की तसं सांगणं अवघड आहे. सर बिचारे चष्मा पुसत निघून गेले. मला मात्र त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

तो तिसरा हंगाम चालू होता त्या वेळी मी लातूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मुलींच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर खेळत होते. सहा गावांच्या सहा संघांची ती स्पर्धा व्यापाऱ्यांनी हौसेनं सुरू केलेली. सामने हिवाळ्यात, अर्धे आपल्या गावी आणि अर्धे दुसऱ्यांच्या. आमचे घरचे सामने एका जुन्या पत्र्याच्या सभागृहात शनिवारी चार वाजता व्हायचे. आमचे अध्यक्ष खताचे व्यापारी. त्यांनी बाहेरगावच्या मुलींसाठी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या आणि दोन वेळचा डबा लावला होता. माझं गाव देवणीच्या पुढं, आडवळणाला. ती खोली आणि तो डबा नसता तर लातूरला राहून शिकणं मला जमणारच नव्हतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की संघ आहे तोवर शीक, संघ संपला की गाठोडं बांधून घरी यायचं. त्यात राग नव्हता. त्यांना तेवढंच झेपत होतं. थोडक्यात, माझी पदवीची परीक्षा मार्चमध्ये होती आणि संघ मार्चपर्यंत टिकला तरच मी तिला बसणार होते.

आणि आमचा संघ होता वाईट. याला दुसरा शब्द नाही. पहिल्या दोन हंगामांत आम्ही एकही सामना जिंकलो नाही. एकदा बरोबरी झाली, तीही समोरच्या दोघींना सकाळच्या पोह्यांनी उलट्या झाल्या म्हणून. आमची कर्णधार उंच, आवाज दणदणीत, पण चढाईला गेली की समोरच्या मुलींकडे बघून हसायची. का हसतेस म्हटलं तर म्हणायची, मला कसंतरी होतं. एक जण दम लागला की मैदानातच बसायची. माझं तर काय सांगू. मी एवढ्या पकडी सोडल्या आहेत, की त्या काळातल्या चढाईपटू मला अजून दिवाळीला शुभेच्छा पाठवत असतील.

पहिल्या वर्षी पास बरे खपले, कारण अध्यक्षांनी ते दुकानात येणाऱ्यांच्या गळ्यात मारले. माणूस युरिया घ्यायला यायचा आणि कबड्डीचा पास घेऊन जायचा. दुसऱ्या वर्षी लोक शहाणे झाले. सात-आठ जणांनी घेतला, त्यात तीन आमचेच नातेवाईक. तिसऱ्या वर्षी फक्त मास्तरांनी घेतला.

मास्तर म्हणजे शिक्षक नव्हेत. आमच्याकडे एस.टी.च्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. हे निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले, सत्तरीच्या आसपासचे. सडपातळ अंग, खांद्याला कापडी पिशवी, आणि खाली ती नोकरीतलीच खाकी पँट. कापड अजून टिकून आहे, मग कशाला टाकायची, असं त्यांचं म्हणणं. घरी बायको आणि ते, दोघंच. एकुलती एक मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेलेली. खेळाशी त्यांचा कसलाही संबंध नव्हता. त्यांनी आयुष्यात कधी कबड्डी खेळली नव्हती आणि आमच्यापैकी कुणी त्यांच्या नात्यातलीही नव्हती.

पासावर खुर्चीचा नंबर छापलेला असायचा. मास्तरांची खुर्ची पहिल्या रांगेत होती आणि ते तिच्यावर कधीच बसले नाहीत. तिच्यावर आपली दस्ती, म्हणजे हातरुमाल, घडी करून ठेवायचे आणि स्वतः दाराजवळच्या लोखंडी खांबाला टेकून उभे राहायचे. मागं दोनशे खुर्च्या रिकाम्या, पासाची खुर्ची रिकामी, आणि पासवाला उभा. एकदा मी त्यांना बसा म्हणाले. तर म्हणाले, चालत्या गाडीत कंडक्टर बसला की लोक पायरीवर उतरतात. हे ऐकून मी पुन्हा कधी आग्रह केला नाही.

टाळ्या ते वाजवत नसत. हातात घराची किल्ली असायची. आमची मुलगी चढाईला निघाली की ते खांबावर दोनदा किल्ली वाजवायचे, टण टण. ती बाद झाली की एकदा, टण. गाडीतल्या घंटीचीच ती रीत, दोन म्हणजे चला आणि एक म्हणजे थांबा. पंचांनी एकदा सामना थांबवून तक्रार केली, की या आवाजानं शिट्टीचा घोटाळा होतो. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं, किल्ली खिशात घातली आणि त्या दिवसापासून बोटाच्या पेरानं खांब वाजवायला लागले. तो आवाज त्यांच्याखेरीज कुणाला ऐकू जात नसणार. तरी आम्हा मुलींना तो यायचा, निदान आम्ही एकमेकींना तसं सांगायचो.

कबड्डीची भाषा त्यांना यायची नाही. चढाईला ते फेरी म्हणायचे, मध्यंतराला जेवणाचा थांबा. पिशवीत एक वही असायची. आम्हाला वाटायचं, त्यात गुण लिहीत असतील. एकदा आमच्या कर्णधारानं चोरून बघितली, तर त्यात फक्त वेळा. सुटली चार वाजून सहा मिनिटांनी, पोचली चार त्रेपन्नला. आम्ही तीस-तीस गुणांनी हरायचो, सगळ्या संघाची मान खाली, आणि सामना संपल्यावर हे अध्यक्षांना जाऊन सांगायचे, आज सहा मिनिटं लेट सुटली, असं चालणार नाही. हरण्याबद्दल चकार शब्द नाही. सल्ला नाही, शाबासकी नाही, सांत्वनही नाही. माझी अशी पक्की खात्री झाली होती, की या माणसाला समोर काय चाललंय ते दिसत नाही. घड्याळ तेवढं दिसतं.

ओळीनं चार सामने हरल्यावर तिसऱ्या हंगामात मी एकदा त्यांच्यावर चिडले होते. खरं तर चिडले होते स्वतःवर, पण ते समोर होते. म्हटलं, मास्तर, तुम्ही पासाचे पैसे परत मागा, आमच्याकडून काही होत नाही. ते गोंधळले. म्हणाले, "परत कामून? फेरी तर झाली की." मी म्हटलं, पण आम्ही हरलो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी चालती गाडी सोडून पंक्चरच्या दुकानाबद्दल बोलत होते.

नांदेडचा सामना डिसेंबरात होता. आम्ही सगळ्या सकाळच्या एस.टी.नं निघालो आणि मास्तरही त्याच गाडीत. दारात आमच्या संघाला आत सोडलं आणि मास्तरांना अडवलं. त्यांनी पास दाखवला. दारावरचा माणूस म्हणाला, हा लातूरचा आहे, इथं चालत नाही. मास्तर म्हणाले, पास संघाचा आहे का इमारतीचा? दारावरचा माणूस विचारात पडला. त्यानं आत जाऊन कुणाला तरी विचारलं, त्यालाही सांगता येईना. शेवटी कर्णधारानं मला पिटाळलं, कारण वयानं मोठ्या माणसांशी बोलायचं काम तिनं माझ्याकडे दिलं होतं. मी दोन्ही बाजूंना हात जोडले. मास्तरांनी तिकीट काढलं, पण आत यायला तयार होईनात. त्यांचं म्हणणं, पास ग्राह्य धरला नाही असं मागं लिहून सही द्या. दारावरच्या माणसानं खरोखर तसं लिहून सही दिली. या सगळ्यात सामना अकरा मिनिटं उशिरा सुरू झाला आणि मास्तरांनी ती अकरा मिनिटं इमानदारीनं वहीत लिहिली. आम्ही अर्थातच हरलो.

पण त्या दिवशी एक वेगळी गोष्ट घडली. सामना संपल्यावर नांदेडच्या प्रशिक्षक बाई मला बाजूला घेऊन गेल्या. त्यांच्या दोन मुली लग्न होऊन गेल्या होत्या. कोपऱ्यावर कुणी हवं होतं. खोली देऊ, जेवण देऊ, मार्चमध्ये परीक्षेपुरतं लातूरला सोडू, असं त्या म्हणाल्या. बुधवारपर्यंत कळव. त्यांचा संघ चांगला होता, त्यांच्याकडे पैसा होता. मला आतून उड्या माराव्याशा वाटल्या आणि त्याच वेळी रडूही आलं, कारण आमच्या त्या हसऱ्या कर्णधाराला काय तोंड दाखवायचं ते समजेना.

परतीची गाडी लोह्याला थांबली. बाकीच्या मुली भजी घ्यायला उतरल्या. मास्तर गाडीच्या चाकांवरून नजर फिरवत उभे होते, ती त्यांची सवयच. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना का सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. आमच्या संघाचं काही खरं नाही, अध्यक्ष हल्ली फोन उचलत नाहीत, मध्येच बंद केला तर माझी परीक्षा बुडेल, असं सगळं बोलून गेले.

मास्तर म्हणाले, "बंद कसा होईल? पास चालू हाय ना माझा."

मी म्हटलं, त्याचा काय संबंध? मग त्यांनी मला नियम सांगितला. एखाद्या मार्गावर एकाही प्रवाशाचा पास चालू असेल, तर पासाची मुदत संपेपर्यंत ती फेरी रद्द करता येत नाही. म्हणे देवणीच्या पलीकडं, सीमेच्या अंगाला एक वाडी होती. तिथं सकाळची एक गाडी जायची. बसायला चार शाळेच्या मुली, त्यांनाही कधी शेतात काम निघायचं, मग त्याही नसायच्या. ती फेरी बंद करायचं ठरत आलं होतं. तेव्हा वाडीतल्या एका मावशीनं महिन्याचा पास काढला. रोज सकाळी गाडीत बसायची, देवणीला उतरायची, स्टँडवरच्या बाकावर तासभर बसायची आणि त्याच गाडीनं परत. "म्या इचारलं, मावशी, रोज काय काम असतं गं देवणीत? ती म्हनली, काम कशाचं मास्तर, गाडी यायला पायजे." पास चालू होता म्हणून मास्तर डेपोत भांडले आणि गाडी बंद झाली नाही. चारही मुली दहावी झाल्या.

हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. रस्त्यावर खड्डा आहे असं सांगावं तसं सांगितलं. आणि मी, बी.ए.ची विद्यार्थिनी, ते खरं धरून बसले. एस.टी.चा नियम कबड्डीला लागतो का, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. खोलीवर जाऊन मी बाकीच्यांना सांगितलं. त्यांनाही तो पडला नाही. आम्ही सगळ्या खेड्यातून एस.टी.नं शाळेला गेलेल्या पोरी. आमच्यासाठी पास म्हणजे सरकारी शिक्का मारलेलं वचन होतं. कर्णधार तर म्हणाली, मग काही भीतीच नाही. गंमत म्हणजे तिला मास्तरांनी हीच गोष्ट पूर्वी सांगितली होती, पण तिच्या गोष्टीत मावशी नव्हती, ताकाची किटली घेऊन जाणारा म्हातारा होता. आम्ही त्यावर थोडं भांडलो आणि सोडून दिलं. बुधवारी मी नांदेडला फोन करून नाही म्हणून कळवलं.

जानेवारीत अध्यक्षांनी संघ स्पर्धेतून काढून घेतला. घरचे दोन सामने शिल्लक होते. पुढच्या शनिवारपासून खेळायचं नाही, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या, असा निरोप आला. मी त्याच दिवशी नांदेडच्या बाईंना फोन केला. त्यांनी दुसरी मुलगी घेतली होती. बाई चांगल्या होत्या, त्यांना वाईट वाटलं, पण त्या काय करणार.

शनिवारी चार वाजता मास्तर सभागृहाच्या दारात उभे होते. आम्हीही गेलो होतो, कशाला ते सांगता येत नाही. दाराला कुलूप होतं. मास्तर आम्हा दोघी-तिघींना घेऊन थेट अध्यक्षांच्या दुकानात गेले आणि पास गल्ल्यावर ठेवला. अध्यक्षांनी चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, धंद्यात अडकला होता. दोन सामन्यांचे पैसे परत देतो म्हणाले. मास्तर म्हणाले, "पैसे नकोत. फेरी पायजे." मग त्यांनी नियम सांगितला. अध्यक्षांनी तो नीट ऐकून घेतला, हसले नाहीत, आणि विचारलं, की मास्तर, असा नियम लिहिलेला कुठं आहे? मास्तर म्हणाले, आणून दाखवतो.

ते दोन दिवस डेपोत बसून होते. जुन्या कारकुनांना घरून बोलावलं, कपाटं उघडायला लावली, पिवळी पडलेली परिपत्रकं एकेक करून बघितली. हे मला नंतर त्यांच्या बायकोनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते आमच्या खोलीच्या दारात आले. मी पेटी भरत होते. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाले, "न्हाई. नियम न्हाई." नोकरीची सगळी वर्षं ते हा नियम सांगत आले होते. साहेबांना सांगितला, कारकुनांना सांगितला, आणि एवढ्या ठाम माणसाला खोटं कोण ठरवणार म्हणून सगळ्यांनी मान डोलावली होती. नियम नव्हता, तरी वाडीची गाडी चालली होती.

आज मी यावर हसू शकते. त्या दिवशी मी त्यांना वाटेल ते बोलले. तुम्हाला कबड्डी कळत नाही, कायदा कळत नाही, आमच्यात यायला तुम्हाला सांगितलं कुणी होतं? तुमच्यामुळं माझी परीक्षा गेली. ते खाली बघत उभे राहिले. मी पेटी उचलली आणि त्यांच्या अंगावरून निघून आले. स्टँडवर मला स्वतःची लाज वाटली, पण मागं फिरण्याएवढी नाही.

गावी येऊन चार दिवस झाले होते. सकाळचे दहा वाजले असतील. आबा गोठ्यात गाईला पेंड घालत होते आणि मी शेण भरत होते. फाट्यापासून आमचं घर तीन किलोमीटर, आणि तेवढं चालून मास्तर अंगणात आले. खांद्याला पिशवी, तीच पँट, धुळीनं भरलेली. मला वाटलं जमीन दुभंगावी. मी त्यांच्याबद्दल घरी एक अक्षर सांगितलं नव्हतं. नियमाची गोष्ट सांगून स्वतःचं हसं करून घ्यायची मला इच्छा नव्हती. नांदेडच्या बाई मला बोलावत होत्या हेही मी लपवलं होतं.

आईनं पाणी दिलं. आबांनी बाज पुढं सरकवली, पण ते उभेच राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. लोह्याचं, नियमाचं, डेपोतल्या कपाटांचं. शेवटी म्हणाले, "चूक माझी हाय. माझ्या भरवशावर हिनं नांदेड सोडलं. माझ्या घरी वरची खोली रिकामी हाय. मार्चपर्यंत हिला माझ्याकडं राहू द्या. आमची मंडळी हाय घरी, दोन घास तिथंच खाईल."

आबा हातातली पेंड झटकत पुढं आले. अनोळखी माणूस असं काही मागत आला की बाप जसा बघतो तसं त्यांनी बघितलं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी विचारलं, "तुमी हिचे कोण?"

"कुनी न्हाई," मास्तर म्हणाले. "पास होता माझ्याकडं."

आबांना ते समजलं नाही. समजेल कसं? मलाही समजलेलं नव्हतं. आबांनी माझा एकही सामना बघितला नव्हता. शनिवारी जनावरं कुणावर सोडून यायचं, आणि येऊन काय बघायचं? मी जिंकले असते तर पेपरात आलं असतं, तेवढं त्यांनी वाचून घेतलं असतं. आबांनी विचारलं, ही जिंकते का? मास्तर म्हणाले, नाही. एकदाही नाही? एकदा बरोबरीत सुटली. माझी मान आणखी खाली गेली. मला वाटलं, झालं, आता हा माणूस लेट सुटल्याचा हिशेब सांगणार.

"मग खेळती कशी?" आबांनी विचारलं.

पुढं मी मास्तरांच्या घरी राहिले, मार्चमध्ये परीक्षा दिली, पास झाले, नोकरीला लागले. संघ पुन्हा उभा राहिला नाही. दोन वर्षांपूर्वी मास्तर गेले. तोवर मी त्यांना किमान दहा वेळा विचारलं असेल, की तुम्ही तो पास का काढत होता? दर वेळी वेगळं उत्तर. कधी म्हणायचे संध्याकाळी घरी करमत नाही, कधी म्हणायचे सभागृह स्टँडजवळ आहे. मावशीबद्दल विचारलं तर म्हणायचे, म्हातारा पण होता. त्यातलं खरं काय होतं ते आता कळायचं नाही. पण त्या सकाळी अंगणात ते जे बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"सुरवातीला घाई करती," मास्तर म्हणाले. "गडी रेषेच्या आत पुरा यायच्या आधीच हात टाकती, म्हणून सुटतो. पुढं जरा दमली की मग बराबर करती. घोटा धरती, आन् धरला की सोडत न्हाई. रेणापूरच्या त्या जाडजूड पोरीला हिनं एकटीनं पाडलं, मागल्या साली, जेवणाच्या थांब्यानंतर. बाकीच्या सगळ्या बाद झाल्या होत्या. कुनाचं ध्यान न्हवतं. पोरी बाहेर बसून रडायच्या, ही न्हाई. ही त्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून आनायची. आता या साली जोर कमी झालाय. उजव्या पायावर भार देत न्हाई. पडली की डाव्या हातावर उठती. गुडघ्यात कायतरी हाय तिच्या, कुनाला सांगत न्हाई."

मी शेणाची पाटी हातात धरून उभी होते. माझा गुडघा ऑगस्टपासून दुखत होता. संघातून काढतील म्हणून मी ते प्रशिक्षकांना सांगितलं नव्हतं, कर्णधाराला नाही, आईलाही नाही. रात्री चादरीखाली तेल चोळायचे. मी त्या माणसाला म्हणाले होते की तुम्हाला कबड्डी कळत नाही.

आबा माझ्याकडे वळले, माझ्या हातातली पाटी घेतली आणि खाली ठेवली.

"गुडघा दुखतो का गं तुजा?"

"हाव," मी म्हणाले, आणि तिथंच रडायला लागले.